तानीच्या हातचं

शेवंताबाईनं ताट उचललं तेव्हा त्यातला एकच घास कमी झाला होता, आणि तोही कॉटखालच्या टबात जाऊन पडला होता. मऊ भात, मुगाचं वरण, वर चमचाभर तूप. वास नवऱ्याच्या नाकाला झोंबू नये म्हणून फोडणीसुद्धा न घालता केलेलं. कृष्णात भिंतीकडं तोंड करून पडला होता. बनियनमधून त्याच्या पाठीची हाडं दिसत होती.

"वास येतोय," तो म्हणाला.

"कशाचा? फोडणीबी घातली न्हाई मी."

"भाताचा."

आता भाताला मेला कसला वास असतो? उद्यमनगरातल्या फौंड्रीत साचे भरणारा मोल्डर होता तेव्हा याच माणसाचा डबा इतका चाटूनपुसून परत यायचा, की घासला नाही तरी चालला असता. शेवंताबाई ताट घेऊन वळली.

खुर्चीवर तानाबाई बसली होती. कुरुंदवाडहून सकाळच्या एसटीनं आलेली, पदर खांद्यावरून नीट घेतलेली, मांडीवर कापडी पिशवी. तिनं पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली. मग एक काचेचा ग्लास काढला. हो, ग्लाससुद्धा ती आपलाच आणायची, जसं काही या घरात पेले नव्हतेच. त्यात तिनं फिकट, पातळ असं काहीतरी ओतलं.

"कृष्णात, ऊठ. घोटभर घे."

आणि उठला की तो. बायकोनं एवढ्या विनवण्या केल्या तरी कूस न बदललेला माणूस कोपरावर जोर देऊन उठला. दोन्ही हातांत ग्लास धरून त्यानं घोट घोट करत तळ गाठला आणि डोळे मिटून बसून राहिला. टबाकडं हात गेला नाही.

"जीव आला बघ, तानी," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात शेवंताबाईनं ताट ओट्यावर ठेवलं ते जरा जोरातच.

तानाबाई म्हणजे कृष्णातच्या मामाची लेक. आणि मामाची लेक म्हणजे हक्काची नवरी, हे या मुलखात कुणी कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लहानपणापासून दोघांना एकमेकांच्या नावानं चिडवलेलं. ठरलंही होतं सगळं. ऐनवेळी मामानं कुरुंदवाडचं बागायतदार स्थळ धरलं, आणि कृष्णातच्या आईनं भावाच्या नाकावर टिच्चून त्याच उन्हाळ्यात शेवंताला सून करून आणली. मांडव ठरला होता एकीसाठी आणि उभी राहिली दुसरी. हे तिला तोंडावर कुणी बोललं नाही. पण तिला ते अंगाची हळद उतरायच्या आधीच कळलं होतं.

मामाची लेक आतेभावाला दादा म्हणत नाही. राखीही बांधत नाही. तानाबाई त्याला नावानं हाक मारायची, तीही अरेतुरे, आणि तो तिला तानी म्हणायचा. शेवंताबाईला त्यानं सगळ्या संसारात कधी नावानं हाक मारल्याचं आठवत नव्हतं. 'अगं', नाहीतर 'ऐकलंस का', एवढ्यावर भागलं होतं. लग्नकार्यात, बारशात दोघी भेटायच्या, एकमेकींना हळदीकुंकू लावायच्या, आणि शेवंताबाई घरी येऊन दोन दिवस धुसफुसत राहायची. तरी ते चालून गेलं, कारण कुरुंदवाड कुरुंदवाडला होतं.

मग कृष्णातला आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमोची सलाईनं सुरू झाली, आणि तानाबाई सोमवारी-गुरुवारी बाटली घेऊन यायला लागली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक नांदायला गेलेली, घरामागं पाल्याचे चार वाफे. तिला कोण अडवणार?

शेवंताबाईला राग यायचा तो बाटलीपेक्षा बाटलीच्या नावलौकिकाचा. भेटायला येणारे पावणे कृष्णातशी चार शब्द बोलायचे आणि उठताना म्हणायचे, "तानाबाईच्या काढ्यानं गुण आलाय, व्हय की न्हाई?" गुण काढ्याचा. आणि सलाईनला घेऊन जाणारी कोण? टब धुणारी कोण? त्याची उशी, त्याची चादर, त्याच्या तोंडातले फोड, सगळं कोण बघत होतं? पोरगा विश्वजित कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टला गेला की दिवसभर घरात हीच. पण जिचं ताट उष्टं न होता परत येतं त्या बाईचं कौतुक कोण करणार? यश त्या फिकट पाण्याला. तिला वाटायचं, ती बाटली उचलून मोरीत ओतावी. ओतली नाही, कारण तेवढंच त्याच्या पोटात राहायचं.

त्या बाटलीतलं तिनं थेंबभरही कधी चाखलं नव्हतं. वास घेतला नव्हता. मेले तरी बेहत्तर, पण तानीच्या बाटलीला नाक लावणार नाही, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. फ्रिजमध्ये ती बाटली दुधाच्या पातेल्यामागं, दिसणार नाही अशी ठेवायची.

"गुळवेल आसणार ती," गल्लीतला पिराजी एकदा म्हणाला. "कॅन्सरला दुसरं काय देत्यात? आमच्या दारातल्या कडूलिंबावर केवढी चढलीया. लिंबावरची लई गुणाची."

एवढं ऐकलं आणि शेवंताबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गुळवेलच ना? मग ती काय कुरुंदवाडलाच उगवते? ती बाई आठवड्यातून दोनदा येते. मी रोज देईन. ती पाण्यासारखं पातळ करते. मी दाट करीन. दुसऱ्या दिवशी पिराजीच्या लिंबावरची जाड जाड वेल तिनं कोयत्यानं तोडून आणली, ठेचली, आणि पातेलंभर पाणी पेलाभर होईपर्यंत आटवली.

"हे काय?" स्टीलच्या पेल्यात डोकावत कृष्णातनं विचारलं.

"तेच. तानाबाई देती तेच. ताजं हाय."

त्यानं एक घोट घेतला. त्याचा चेहरा असा झाला की शेवंताबाईचा हात आपोआप टबाकडं गेला. पण त्यानं ते बाहेर टाकलं नाही. डोळे मिटून, मध्ये मध्ये थांबत, सगळा पेला रिकामा केला आणि आडवा झाला.

"जीव आला?" तिनं विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. पण विचारल्यावर म्हणाला. आपणहून नाही.

ते तिला लागलं. म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं वेल आणखी जास्त घातली. रोज सकाळी, विश्वजित ड्युटीवर गेला की पातेलं चढायचं. कुणाला सांगितलं नाही. गुण दिसू दे, मग सांगू, असा तिचा बेत होता. भर पावण्यांत सांगायचं, की काढा तानाबाईचा नव्हे, माझा होता.

गुण दिसायच्या ऐवजी डोळे पिवळट दिसायला लागले. पुढच्या सलाईनच्या आधी रक्त तपासायला दिलं, त्याचा रिपोर्ट विश्वजितच्या मोबाइलवर आला तो गुरुवारी सकाळी. तो रिपोर्ट बघत दारातच उभा राहिला.

"आई, बाबांचं लिव्हर बिघडलंय. लईच वाढलाय आकडा." त्यानं मान वर केली. "त्या काढ्यानंच आसणार. बंद कर तो आजपासनं. सलाईन पुढं ढकलतील आता."

शेवंताबाईच्या हातातला चिमटा थांबला, भाकरी तव्यावरच राहिली. एक क्षण तिच्या डोळ्यांसमोर आपलंच पातेलं आलं. पण क्षणभरच. आपण आत्ता आत्ता द्यायला लागलो. ती तर पहिल्यापासून देत होती. दोष आधीच्याचा की नंतरच्याचा? भाकरी करपली तोवर तिचा हिशोब लागलाही होता.

आणि तेवढ्यात तानाबाई फाटकातून आत आली.

शेवंताबाई उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला. नंतर तिला आठवायचं ते हेच, की आपण किती सहज, जसं पाठ केलेलं म्हणावं तसं, बोलत सुटलो.

"आत याचं न्हाई. लिव्हर नासवलंस त्यांचं. तवा पदरात पडला न्हाई म्हणून आता ह्यो सूड व्हय? माझ्या नवऱ्याला माझ्या डोळ्यांदेखत मारायला निघालीस?"

समोरच्या गॅलरीत बायका आल्या. पिराजी म्हशीचं दावं हातात धरून थांबला. तानाबाईचा चेहरा आधी नुसता गोंधळलेला होता. 'पदरात' हा शब्द आला तसा तो एकदम मिटला. तिनं पिशवीतून बाटली काढून पायरीवर ठेवली, पदर डोक्यावरून घेतला आणि आली तशी परत गेली.

आतून कृष्णातचा आवाज आला, "कोण हाय?"

"कोण न्हाई," शेवंताबाई म्हणाली.

बाटली तिनं उचलली आणि मागं नेऊन मोरीत ओतली. ओतताना वास आला. आल्याचा. नुसता आल्याचा आणि पुदिन्याचा, चहाच्या गाड्यावर येतो तसा. तिनं घाईघाईनं वर बादलीभर पाणी ओतलं.

दवाखान्यात त्यांचा नंबर लागेपर्यंत दुपार झाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नाव तेजस्वी, आणि आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला, कृष्णातच्या पापण्या खाली ओढून बघितल्या.

"आज सलाईन देता येणार नाही, काका. लिव्हरचे आकडे खाली येईपर्यंत थांबावं लागेल. केमोनंही आकडे थोडे चढतात, पण इतके नाहीत. घरचं काही चालू आहे का? काढा, चूर्ण, कसला रस?"

"हाय की," शेवंताबाई पुढं सरसावली. "कुरुंदवाडची एक बाई काढा आणून देती. मी आजच हाकलली तिला."

"तानाबाई?" डॉक्टरांनी विचारलं.

शेवंताबाईला कळेना, या बाईला तानाबाईचं नाव कसं माहीत?

"त्या पहिल्या सलाईनच्या आधीच येऊन गेल्यात माझ्याकडं. पिशवीभर पाला घेऊन. एकेक टेबलावर ठेवून विचारत होत्या, हे चालेल का, ते चालेल का. गुळवेल मी बाजूला काढायला लावली, ती काहींच्या लिव्हरला सोसत नाही. गव्हांकुरांचा कच्चा रसही नको म्हटलं, यांच्या पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चं नको. शेवटी आलं, पुदिना आणि गवती चहा उरला. उकळून, गाळून, थोडं थोडं. मळमळीला बरं असतं. यानं कॅन्सर जात नाही, तो आमच्या औषधांनीच जायचा, हेही सांगितलं त्यांना. 'व्हय, तेवढं कळतंय मला,' म्हणाल्या." डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "त्या पाण्यानं हे होणार नाही. दुसरं काय दिलंय?"

विश्वजित आईकडं बघत होता, नुसता गोंधळून. शेवंताबाई समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत म्हणतात. तिला हसू कुठून येणार?

"माझंच चुकलं, बाई," कृष्णात म्हणाला. "गावाकडच्या एका माणसाकडनं पुडी आणवलीती. घरात कुणाला ठावं न्हाई."

त्यानं बायकोकडं बघितलं नव्हतं. टेबलाच्या कडेकडं बघत बोलला होता.

"कसली पुडी?" डॉक्टरांचा चेहरा बदलला. "असल्या पुड्यांत शिसं असतं, पारा असतो, काहीही असतं. मग वेगळ्या तपासण्या कराव्या लागतील, उपचारही वेगळे. पुडी आहे का शिल्लक? त्या माणसाचा नंबर?" आणि त्या लिहायलाही लागल्या.

हा माणूस आपली अब्रू झाकायला निघालाय आणि त्यात स्वतःच बुडणार, हे शेवंताबाईला तेव्हा कळलं. पुडीच्या मागं लागून डॉक्टर भलतीकडंच जाणार. एका शब्दाचं काम होतं. आणि तो शब्द तोंडातून काढणं म्हणजे, तानाबाईनं विचारून केलं आणि मी न विचारता केलं, हे स्वतःच्या तोंडानं कबूल करणं.

"पुडी न्हवं," ती म्हणाली. "गुळवेल. लिंबावरची. म्या आटवून दिली, रोज."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. किती दिवस, किती, कशी, सगळं विचारलं. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. गुळवेल पूर्ण बंद, पंधरवड्यानं पुन्हा रक्त, म्हणाल्या. "लिव्हर बहुतेक येईल जागेवर. पण या दिवसांत काकांचं वजन आणखी उतरता कामा नये. उतरलं तर केमो सोसायची ताकद राहणार नाही, आणि मग माझे हात बांधलेले. काहीही करा, पण पोटात काहीतरी राहू द्या."

गाडीपाशी विश्वजितचा बांध फुटला. "आई, काय करून बसलीस हे? आणि वर तानाआत्याला गल्लीत..."

"गप," कृष्णात म्हणाला. "गाडी काढ."

मागच्या सीटवर दोघं शेजारी बसली. रंकाळ्याच्या कडेनं गाडी हळूहळू निघाली होती. शेवंताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"तुमास्नी कळत न्हवतं व्हय? ते तानाबाईचं न्हवं म्हणून?"

"कळत हुतं की. कडूजहर हुतं."

"मग का प्यालासा?"

तो काचेबाहेर बघत म्हणाला, "आदीच तुझं ताट रोज परत जातंय."

घर येईपर्यंत शेवंताबाई पदर सोडवत बसली.

पण त्याच्या बोलण्यानं त्याचं पोट काही ऐकेना. पेज दिली, उलटली. ताक दिलं, उलटलं. डॉक्टरांनी सांगितलेलं ते तीन वस्तूंचं पाणी तिनं घरी करून पाहिलं. आलं किसून, खळाखळा उकळून, वाफाळतं पेल्यातून दिलं. पेला तोंडाजवळ नेताच त्यानं मान फिरवली. त्याला प्यायचं नव्हतं असं नव्हे. होतच नव्हतं त्याच्यानं. एकदा ग्लानीत असल्यासारखा म्हणाला, "तानी आली न्हाई?" आणि लगेच तोंड मिटून घेतलं, काहीतरी सांडलं असावं तसं.

शेवंताबाईचा जीव जळत होता, खोटं कशाला बोला. पण त्याच्या गळ्याखालचे खड्डे दिवसागणिक खोल होत होते, आणि ते तिला जळण्यापेक्षा जास्त दिसत होते. एका सकाळी शेजारणीला त्याच्यापाशी बसवून ती एसटी स्टँडवर गेली आणि कुरुंदवाडच्या गाडीत चढली.

तानाबाई घरामागं वाफ्यात होती. हिला बघून उठली, हात धुतले, चटई टाकली. पाणी दिलं. शेवंताबाईची नजर भिंतींवरून फिरली. नवऱ्याचा हार घातलेला फोटो, लेकीचा लग्नातला फोटो, देवाचे दोन. कृष्णातचा कुठं नव्हता. आपण तो शोधत होतो हे लक्षात आल्यावर ती स्वतःवरच चिडली.

"माझं चुकलं," ती म्हणाली, भांडताना म्हणावं त्याच आवाजात. "गुळवेल म्या दिलीती. तुझ्यावर घातलं."

"कळलं मला. विश्वजितचा फोन आलता."

"मग चल. पोटात काय ऱ्हाईना त्यांच्या. वजन उतरलं तर सलाईन बंद करत्यात."

तानाबाईनं मान हलवली. "मी न्हाई यायची, शेवंता. तू बोललीस ते सगळ्या गल्लीनं ऐकलंय. म्हातारपणी माझं नाव त्येच्या नावाला चिकटवून लोक चघळणार, ते मला नगं. माझ्या लेकीचं सासर हाय."

"एवढं करत हुतीस ते कशापायी मग?" शेवंताबाईनं विचारलंच. इतकी वर्षं पोटात दाबून ठेवलेलं.

तानाबाईनं चटईच्या कडेची माती झटकली. "घरात करायला कोण न्हाई ऱ्हायलं. कुणाचं तरी करावंसं वाटतंय." मग सरळ बघत म्हणाली, "आनी त्यो 'जीव आला' म्हटला की मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू तुला."

दुसऱ्या कुणी असं तोंडावर सांगितलं असतं तर शेवंताबाई चटईवरून उठून गेली असती. ती उठली नाही. तिथं बसून तिनं ते ऐकलं, गिळलं, आणि म्हणाली, "कसं करतीस ते दाखव."

तानाबाईनं दाखवलं. आलं किसायचं नाही, ठेचायचं नाही; पातळ काप, तेही मोजके. उकळी आली की गॅस बंद, मग पाला. झाकण. पार गार होऊ द्यायचं.

"ऊन ऊन दिलं की वास चढतोय त्येला," ती म्हणाली. "आनी काचेतनं दे. सलाईनं सुरू झाल्यापासनं स्टीलचा वास येतोय त्येला. तोंडात लोखंड धरल्यागत होतंय म्हणं."

"मला न्हाई कधी बोलले."

"तुला कसं बोलंल? तुझं सगळं घर स्टीलच्या भांड्यांचं. लग्नातली, बारशातली. केवढ्या हौसेनं मांडलीयास तू."

पाल्याची जुडी फडक्यात गुंडाळून तानाबाईनं तिच्या हातात दिली. दारापर्यंत आली, फाटकापर्यंत आली नाही.

घरी पोचल्यावर शेवंताबाईनं आधी हात धुतले. सांगितलं होतं तस्सं केलं, एका अक्षराचाही फरक न करता. गार झाल्यावर गाळलं. माळ्यावरच्या खोक्यात घराच्या वास्तुशांतीत आलेले काचेचे ग्लास होते, कागदातून कधी न काढलेले. त्यातला एक धुऊन पुसला. पाणी ओतलं तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. दिसायला अगदी तसंच होतं. आणि एवढ्याचसाठी आपण जळून कोळसा झालो, असं तिला वाटलं. तरी जळणं थांबलं नाही ते नाहीच.

ती कॉटजवळ आली. कृष्णातनं डोळे उघडले. आधी ग्लास बघितला, मग तिच्या मागं, दाराकडं बघितलं.

"तानी आलती?"

सगळं तिच्या ओठांवर तयार होतं. न्हाई आली. मी केलंय. एसटीचे धक्के खात कुरुंदवाडपतोर जाऊन, तिच्यापुढं मान खाली घालून शिकून आलीया, तुमच्यासाठी. हे सांगायचा तिचा हक्कच होता, आणि हे ऐकल्यावर त्याला चार शब्द तरी बोलावे लागले असते. बोलला असता तो. आणि मग बायकोचं ताट परत जाऊ नये म्हणून तो हेही रेटून प्याला असता, त्या कडूजहर पेल्यासारखं, आणि पोटानं ते ठेवलं नसतं. त्याच्या गळ्याखालच्या खड्ड्यात कातडी लपलप हलत होती.

"व्हय," शेवंताबाई म्हणाली. "घाईत हुती. एवढं देऊन गेली लगीच."

तो कोपरावर उठला. तिनं पाठीला हात दिला. दोन्ही हातांत ग्लास धरून त्यानं पहिला घोट घेतला, मग दुसरा. पायानं टब जवळ ओढून ती त्याच्या गळ्याकडं बघत उभी राहिली. घोट खाली उतरत होते. तळ दिसला. तो डोळे मिटून बसला आणि बसूनच राहिला. टब कोरडा होता.

थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले. रिकाम्या ग्लासाकडं बघितलं, मग बायकोच्या हाताकडं.

"तानीला सांग," तो म्हणाला, "आज आलं जरा जास्त झालंय."

"सांगते," शेवंताबाई म्हणाली. "आनी देऊ?"

"दे की," म्हणून त्यानं ग्लास पुढं केला.